गुढीपाडव्याला मधपेटी मांडावी का? सातेरी माश्या पाळणाऱ्यांनी कृपया सांगा

रानजाई
नमस्कार मंडळी. वाई तालुक्यात, धोम धरणाच्या वरच्या अंगाला आमची थोडी शेती आहे. बांधावर दोन जुनी जांभळं, आंब्याची कलमं, चार-पाच शेवगे, मागच्या ओढ्याला करंज आणि हिरडा. सासूबाई तिथेच राहतात, आम्ही पुण्याहून शनिवार-रविवार जातो. मधमाश्या पाळायचं बरीच वर्षं मनात आहे. धंदा करायचा नाही. घरापुरता मध मिळाला तर आनंदच, पण खरी ओढ आहे ती माश्या जवळून बघण्याची.

यूट्यूबवर जे जे पाहिलं त्यात सगळे एकच सांगतात, वसंतात सुरुवात करा. म्हणून गुढीपाडव्याला दोन पेट्या मांडायचं ठरवतेय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हीच वेळ योग्य का? सातेरी ही देशी माशी घ्यावी की मेलीफेरा ही परदेशी? आणि आठवड्यातून एकदाच जाणाऱ्या माणसाला हे जमतं का?

सासूबाईंचा विरोध आहे. त्यांच्या लहानपणी देवीच्या छबिन्यावर आग्या माश्या उठल्या होत्या, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. त्यांना काय सांगू तेही सुचवा.

जावळीकर
ताई, पाडवा नको. दिवाळी धरा.

तुम्ही पाहिलेले व्हिडिओ बहुतेक इंग्लंड-अमेरिकेचे असणार. तिथे माशीला मारतो तो हिवाळा, म्हणून तिचं वर्ष वसंतात सुरू होतं. आपल्या घाटमाथ्यावर माशीला मारतो तो पावसाळा. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळत असतो, माशीला बाहेर पडता येत नाही, आणि जे फूल उमलतं त्यातला मकरंद धुऊन जातो. पाऊस ओसरला की रान फुलतं, राणी जोमाने अंडी घालायला लागते, आणि दिवाळीपासून माघापर्यंत वसाहती वाढतात, थवे सुटतात, म्हणजे निम्म्याशिम्म्या माश्या राणीसह नवं घर करायला निघतात. फाल्गुन ते वैशाख हे मधाच्या सुगीचे दिवस.

आत्ता पेटी आणलीत तर तुम्ही सुगीच्या मध्यावर शेतात उतरल्यासारखं होईल. एप्रिल-मेमध्ये जांभळावर मध भरेल, मन खूश होईल, आणि जूनमध्ये काहीच हाताशी नसताना चार महिन्यांचा उपासमारीचा काळ समोर उभा राहील. नवख्या माणसाच्या सातेरी वसाहती सगळ्यात जास्त जातात त्या याच काळात.

बागकामवेडी
जावळीकर, मी पूर्ण सहमत नाही. पाऊस अवघड आहे हे खरं, पण शिकायला मार्च-एप्रिलसारखे महिने नाहीत. पेटी उघडली की अंडी, अळ्या, पराग, कच्चा मध, बंद मध सगळं पोळं बांधलेल्या एका लाकडी चौकटीवर दिसतं. नोव्हेंबरात लहान वसाहत घेतली तर पहिले दोन महिने बघण्यासारखं फार नसतं आणि माणूस कंटाळतो. एकच पेटी आत्ता घ्यावी, मध अजिबात काढू नये, पावसाळ्यात साखरपाणी द्यावं. आमची पहिली वसाहत अशीच टिकली.

जावळीकर
तुमची बाग कुठे?

बागकामवेडी
तळेगावच्या पुढे. पाऊस भरपूर, पण महाबळेश्वरइतका नाही हे मान्य.

जीवशास्त्रवाली
आधी सासूबाईंच्या भीतीबद्दल, कारण ती भीती खरी आहे आणि तिला नीट उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे डंख असलेल्या देशी मधमाश्या मुख्यतः तीन. आग्या ही आकाराने मोठी. कडा, उंच झाडं, पाण्याच्या टाक्या, इमारतींचे सज्जे यांना एकच मोठं उघडं पोळं लटकवते. ती पेटीत राहत नाही. फुलोरी लहानशी, झुडपात एका फांदीभोवती तळहाताएवढं पोळं करते, तीही पेटीत राहत नाही. सातेरी मात्र अंधारात, ढोलीत, जुन्या वारुळात, भिंतीच्या पोकळीत एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधते. म्हणूनच तिला पेटी चालते. चौथी ती पोयाची माशी, डासापेक्षा थोडी मोठी, डंख नसलेली.

सातेरीचा स्वभाव आग्यासारखा नाही. तीही चावते, पण मैलभर पाठलाग करत येत नाही. सासूबाईंना एखाद्या मधपाळाच्या घरी घेऊन जा आणि सातेरीची चालती पेटी दुरून दाखवा. बोलून पटणार नाही, बघून पटेल.

वेडा_राघू
आग्याबद्दल एक जोडतो. छबिना, लग्नाची वरात, गडावरची सहल, या प्रत्येक ठिकाणी माश्या उठण्यामागे बहुतेक वेळा काहीतरी असतं: धूर, फटाके, दगड, पोळ्यावर झेपावलेली मोहोळघार. एका माशीने डंख मारला की तिथे पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो वास बाकीच्यांना त्याच जागी बोलावतो. त्यामुळे डंख बसला की तिथे थांबून हातवारे करू नयेत, सरळ लांब जावं, घरात किंवा गाडीत शिरून दार लावावं.

काजूबाग
वेडा राघू, तुम्ही आणि मधमाश्यांच्या धाग्यावर? माश्यांनो, जपून! 😄

वेडा_राघू
तारेवर बसून दिवसाला किती माश्या मटकावतो हा पक्षी, ते पाहूनच मी मधमाश्यांकडे वळलो. सशक्त वसाहतीला त्याचा फार तोटा होत नाही. फक्त पेटी विजेच्या तारेखाली ठेवू नका.

काजूबाग
आता मुद्द्यावर. मी सावंतवाडीजवळचा. जावळीकर म्हणतात ते घाटमाथ्याला शंभर टक्के लागू आहे, पण खाली कोकणात आणि गोव्यात गणित थोडं वेगळं. नारळाला बारा महिने फुलोरा. पावसातसुद्धा उघडीप मिळाली की माशी माडावर जाऊन पराग आणते. जानेवारी-फेब्रुवारीत काजू आणि आंब्याचा मोहोर. आमच्याकडे वाडीत पेटी असेल तर पाऊस निभावून जातो. तरी नवीन वसाहत घ्यायची तर आम्हीही नवरात्रानंतरच घेतो, यात वाद नाही.

निफाडचा_शेतकरी
मेलीफेराबद्दल लिहितो. आमच्या पट्ट्यात कांद्याचं बी करतात, डाळिंब आहे, सूर्यफूल कमी झालं तरी आहे. कांद्याच्या बियांसाठी परागीभवन माशीशिवाय होतच नाही म्हटलं तरी चालेल. त्या दिवसांत बाहेरून मेलीफेराच्या पेट्या गाडीने येतात, गोंडे फुलले की लावतात, हंगाम संपला की पुढच्या फुलोऱ्याला हलवतात, मोहरीसाठी राजस्थानपर्यंत. मेलीफेराचं सगळं तंत्रच स्थलांतरावर उभं आहे. एका जागी, बारमाही फुलोरा नसलेल्या ठिकाणी ती साखरेवरच जगते. ही माशी १९६० च्या दशकात हिमाचलातल्या नगरोटा बगवानला रुजली आणि तिथून देशभर पसरली. मध जास्त देते हे खरं, पण दोन पेट्यांच्या हौशीसाठी तिचा उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत.

जाता जाता सगळ्या शेतकरी मित्रांना विनंती. फुलोऱ्यात फवारणी टाळा. टाळताच येत नसेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा आणि शेजारी कोणाची पेटी असेल तर आदल्या दिवशी सांगा. पेटीवाला रात्री दार बंद करून पेटी हलवू शकतो. मागच्या हंगामात शेजारच्या शेतात भर सकाळी फवारणी झाली. पेट्यांच्या दारासमोर माश्यांचा सडा पडला होता, जिवंत होत्या त्या जागीच गोल गोल फिरत होत्या. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

रानजाई
किती मनापासून लिहिताय सगळे, आभार. निफाडच्या दादांचं वाचून पोटात कालवलं. आमच्या शेजारी स्ट्रॉबेरी आहे, तिथे फवारणी होते. आजच त्यांच्याशी बोलते.

टेम्सकाठी
मी इंग्लंडात राहतो, मूळचा भोरचा. इथे घरामागे दोन पेट्या आहेत, अर्थात मेलीफेरा. वसंताचा सल्ला इथे का देतात ते सांगतो, म्हणजे तो तिकडे का लागू नाही हे आपोआप कळेल.

इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी माश्या पेटीत राणीभोवती गोळा करून बसतात आणि साठवलेल्या मधावर जगतात. मार्चपासून राणी पुन्हा वेग घेते. एप्रिल-मेमध्ये पिवळ्या मोहरीसारख्या रेपच्या शेतांवर धो धो मध येतो, मे-जूनमध्ये थवे सुटतात. नवीन माणूस साधारण मेमध्ये पाच-सहा चौकटींची लहान वसाहत विकत घेतो, कारण तिला उन्हाळाभर वाढायला वेळ मिळतो. सप्टेंबरात साखरेचा पाक देऊन हिवाळ्याची बेगमी. थोडक्यात, इथेही नियम एकच आहे: उपासमारीचा काळ संपला की सुरुवात, आणि पुढच्या उपासमारीपर्यंत जास्तीत जास्त दिवस हाती. तो नियम वाईला लावला तर उत्तर ऑक्टोबर-नोव्हेंबरच येतं. पंचांग बदललं, तर्क तोच.

आणखी एक फरक. इथे व्हॅरोआ नावाचा परजीवी कोळी १९९२ पासून आहे आणि त्याच्यावर उपाय केल्याशिवाय मेलीफेरा टिकवणं फार कठीण. सातेरी ही त्या कोळ्याची मूळ यजमान, ती एकमेकींच्या अंगावरून त्याला उपटून काढते. इथल्या व्हिडिओतले औषधांचे धडे सातेरीसाठी जसेच्या तसे उचलू नका.

जीवशास्त्रवाली
अगदी बरोबर. सातेरीचा शत्रू वेगळा आहे. थाई सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात पसरला आणि सातेरीच्या वसाहती प्रचंड प्रमाणात संपल्या. अळी कोषात जायच्या आधी मरते, तिची त्वचा पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते, आणि पोळ्यातल्या आपल्या घरात ती डोकं वर करून पडलेली दिसते. त्यावर औषध नाही. सशक्त वसाहत ठेवणे, आजारी पेटीतली चौकट दुसरीत न घालणे, आणि काही काळ राणीला पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवणे, एवढंच हाती असतं. म्हणूनच वसाहत विकत घेताना पिल्लांची चौकट उजेडात धरून नीट पाहा. अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या आणि घराच्या तळाशी वळून बसलेल्या हव्यात.

मुळामुठा
थोडं अवांतर. आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर आग्या मोहोळ आहे. समितीने औषध फवारणारा बोलवायचं ठरवलंय. काय करू?

वेडा_राघू
विनंती करून थांबवा. आग्या स्थलांतर करते. फुलोरा संपला की काही महिन्यांत आपणहून पोळं सोडून जाते. तोवर त्या बाजूच्या गॅलरीतले दिवे रात्री बंद ठेवा, दिव्याकडे त्या येतात. खिडक्यांना जाळी लावा. खालच्या मजल्यावर, लहान मुलांच्या वाटेवर असेल आणि हलवायलाच हवं असेल, तर न मारता काढणारी प्रशिक्षित माणसं पुण्यात आहेत.

मुळामुठा
धन्यवाद. हे जसंच्या तसं सूचनाफलकावर लावतो.

गावरान_पाटील
एवढं पेटी-बिटी कशाला? आमच्याकडे रात्री टेंभा पेटवून मोहोळ झाडतात, बादलीभर मध निघतो.

मधपाळकाका
पाटील, रागावू नका पण ही रीत बंद व्हायला हवी. टेंभ्याने माश्या जळतात, अंडी-पिल्लांसकट पोळं पिळलं जातं, त्या मधात अळ्यांचं पाणी असतं, म्हणून तो आठवड्यात आंबतो. आग्याचा मध काढणारे जाणते लोक दिवसा, अंगभर पोशाख घालून, फक्त मधाचा कांदा, म्हणजे पोळ्याचा मधाने भरलेला भाग, कापतात आणि पिल्लांचा भाग फांदीला तसाच ठेवतात. माश्या राहतात, पुन्हा कांदा भरतात. एकाच पोळ्यातून दोनदा मध मिळतो तो असा.

आता रानजाईताईंसाठी सविस्तर लिहितो. मी महाबळेश्वर तालुक्यातला, आमच्याकडे वडिलांपासून सातेरीच्या पेट्या आहेत. जावळीकरांचं म्हणणं मला पटतं, पण बागकामवेडींच्या म्हणण्यातही एक गोष्ट मोलाची आहे: हे महिने बघण्याचे आहेत. मग बघा, पण दुसऱ्याच्या पेटीत. आत्ता जांभळाचा फुलोरा सुरू होईल. एखाद्या मधपाळाकडे जाऊन पेटी उघडताना शेजारी उभे राहा. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मधसंचालनालय आहे, प्रशिक्षण तिथे मिळतं, आणि मधकेंद्र योजनेत साहित्यावर ५० टक्के अनुदानही आहे. पुण्यात गणेशखिंड रस्त्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तुम्हाला ती जवळ पडेल. आणि मांघरला एकदा जाच. महाबळेश्वरजवळचं हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. घराघरांत पेट्या आहेत. सासूबाईंना तिथेच न्या, त्यांच्या वयाच्या बाया पेटीशेजारी धान्य निवडत बसलेल्या दिसतील.

पेटीजवळ गेलात की आधी उघडू नका. दाराशी बसा. पायावर परागाच्या पिवळ्या गोळ्या घेऊन माश्या आत जाताना दिसल्या तर आत पिल्लं आहेत, राणी ठीक आहे. उन्हाच्या वेळी दारात काही माश्या पंखा मारताना दिसतील. सातेरी डोकं बाहेर करून पंखा मारते, मेलीफेरा डोकं आत करून. एवढ्यावरूनही दोघी ओळखता येतात.

मग धुराडीने दाराशी दोन फुंकरी धूर. गोवरी किंवा जुनं गोणपाट जाळा, धूर थंड हवा, ठिणगी नको. झाकण काढा, कडेची चौकट आधी उचला, म्हणजे मधल्या चौकटींना जागा होते. चौकट सरळ उभी धरा, आडवी केलीत तर कोवळं पोळं कोसळतं. पेटीच्या वरच पाहा, राणी पडली तर आतच पडेल. कामकऱ्यांच्या बंद घरांची टोपी सपाट असते. नरांची टोपी फुगीर, आणि सातेरीत त्या टोपीच्या बरोबर मधोमध सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. नरांची घरं वाढली की थवा सुटायचे दिवस जवळ आले समजा. मग पोळ्याची खालची कड तपासा. तिथे शेंगदाण्याच्या आकाराची, खाली तोंड केलेली घरं लोंबत असतील तर ती राणीची.

राणी अंड्यापासून साधारण १६ दिवसांत बाहेर येते, तिचं घर आठव्या-नवव्या दिवशी बंद होतं. म्हणून थवे सुटायच्या दिवसांत आठवड्याला एक फेरी पुरते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. एरवी पंधरा दिवसांनी उघडलं तरी चालतं. उगाच रोज उघडून बघणाऱ्याच्या पेटीत सातेरी राहत नाही. ही माशी मानी आहे. त्रास झाला, मुंग्या लागल्या, मेणकिडा शिरला, उपास पडला, की राणीसकट सगळ्या पेटी सोडून निघून जातात.

बागकामवेडी
काका, तुमच्या पोस्टीसाठी हा धागा जपून ठेवते. नराच्या टोपीवरचं छिद्र मी इतक्या वेळा पाहिलंय, पण ते सातेरीचं वैशिष्ट्य आहे हे माहीत नव्हतं.

नांदेडकर
आमच्याकडे उन्हाळा ४४-४५ अंशांवर जातो. सातेरी जमेल का?

मधपाळकाका
दाट सावली आणि जवळ पाणी असेल तर जमेल, पण उघड्या माळावर नको. चिंच किंवा आंब्याखाली पेटी, वर ओलं गोणपाट, आणि उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवा, खडे नसले की माश्या बुडतात. मेण फार उष्णतेत मऊ पडतं आणि मधाने जड झालेलं पोळं सुटून येतं. तुमच्याकडेही सुरुवात पाऊस संपल्यावरच करा. तूर, करडई, सूर्यफूल मिळेल.

निफाडचा_शेतकरी
नांदेडकर, करडईवर माशी छान येते, पण तिथेही मावा आला की फवारणी सुरू होते. शेजाऱ्यांशी बोलूनच पेटी ठेवा.

अपर्णेय
मला विचारायचं होतं, साखर झालेला मध भेसळीचा असतो का? घरी आणलेली बाटली खालून गोठली आहे.

जीवशास्त्रवाली
नाही. ज्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त तो लवकर गोठतो. मोहरीचा मध बघता बघता गोठतो, जांभळाचा बराच काळ पातळ राहतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, मध आपोआप विरघळेल, गॅसवर तापवू नका. पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून भेसळ कळते हा समज चुकीचा आहे, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. क्लोस्ट्रिडियमचे बीजाणू मधात असू शकतात आणि तेवढ्या लहान आतड्यात ते रुजतात. बाळाला मधाचं बोट लावायची रीत कितीही जुनी असली तरी हे टाळायलाच हवं.

अपर्णेय
बरं झालं विचारलं. घरात बारशाची तयारी सुरू आहे, आजीला सांगते.

जावळीकर
अवांतर खूप झालं, पण उपयोगाचं झालं. पुन्हा पावसाळ्याकडे येतो, कारण खरा कस तिथेच. मे संपताना मधकोठी (पेटीतली वरची, मधाची कोठी) काढून घ्यायची, खाली पिल्लांच्या कोठीतला मध कधीही काढायचा नाही, तो त्यांचा. माश्यांनी झाकलेल्या चौकटी तेवढ्याच आत ठेवायच्या, रिकामी पोळी बाहेर. राखण नसलेल्या काळ्या पोळ्यात मेणकिड्याची अळी जाळी विणत जाते. तळपाट दर फेरीला खरवडून साफ करा, पडलेल्या मेणाच्या चुऱ्यातच तो किडा अंडी घालतो. साखर आणि पाणी वजनाने समसमान, संध्याकाळी, पेटीच्या आतच द्यायचं. बाहेर ठेवलं तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. बाजारचा मध मात्र कधीही खायला घालू नका, त्यातून रोग येतात. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्यांसाठी. आणि भर फुलोऱ्यात साखरपाणी बंद, नाहीतर तीच साखर मधकोठीत जाऊन बसते.

काजूबाग
मध कधी काढायचा तेही लिहा. आमच्याकडे लोक घाई करतात.

मधपाळकाका
चौकटीवरची निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाली की. उघड्या घरातला मध कच्चा, त्यात पाणी जास्त, तो आंबतो. सातेरीचा मध तसाही थोडा पातळ असतो. सुरीने टोप्या कापायच्या, मधयंत्रात चौकट फिरवायची, पोळं शाबूत परत पेटीत. पोळं नव्याने बांधायला माशीला भरपूर मध खर्च करावा लागतो, म्हणून पिळणं परवडत नाही. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला पाच ते दहा किलो मिळाला तर चांगला म्हणायचा.

रानजाई
सगळ्यांचं वाचून ठरवलं. पाडव्याला पेटी आणत नाही. या जांभळाच्या दिवसांत मांघरला जाऊन यायचं, सासूबाईंना घेऊन. आज सकाळी त्यांना हा धागा वाचून दाखवला. आग्या आणि सातेरीतला फरक त्यांना आधीच ठाऊक होता. म्हणाल्या, "वारुळातल्या माश्या ना त्या? माझे वडील आणायचे तो मध. मग आधी का नाही सांगितलंस?" आता त्याच जागा शोधून देतायत, गोठ्यामागे जांभळाखाली, दार पूर्वेला, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर. शेजारच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनीही फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करायचं कबूल केलं.

दिवाळीनंतर वसाहत विकत घ्यावी की रिकामी पेटी टांगून थवा यायची वाट बघावी?

मधपाळकाका
दोन्ही करा. एक वसाहत ओळखीच्या मधपाळाकडून घ्या, चार-पाच चौकटी माश्यांनी भरलेली, अंडी घालणारी राणी डोळ्यांनी पाहून. दुसरी पेटी आतून जुन्या मेणाने घासून, सावलीत, डोक्याच्या उंचीवर टांगा. तुमच्या ओढ्याकाठी रानटी सातेरी असणारच, एखादा थवा येईल. दोन पेट्या असल्या की एकीत राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देऊन तिला वाचवता येतं. मात्र दोन्हीत रोग नाही याची खात्री करून.

टेम्सकाठी
पहिल्या वेळी पेटी उघडाल तेव्हा फिकट रंगाचे कपडे घाला, अत्तर लावू नका. डंख बसला तर चिमटीत धरून ओढण्यात वेळ घालवू नका, नखाने लगेच खरवडून टाका. त्याला जोडलेली विषाची पिशवी काढेपर्यंत विष सोडत राहते. आणि घरातल्या कोणाला डंखानंतर श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर असं झालं तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठा.

अपर्णेय
माझ्याकडे फक्त फ्लॅटची गॅलरी आहे. पेटी शक्य नाही, पण माश्यांसाठी काही लावता येईल का?

बागकामवेडी
येईल की! तुळस आणि सब्जा मंजिऱ्या न खुडता फुलू द्या, फुलोरी आणि पोयाच्या माश्या हटकून येतात. मोठ्या कुंडीत कढीपत्ता, कठड्यावर आइसक्रीम वेल, एका कोपऱ्यात बडीशेप किंवा कोथिंबीर बियांवर जाऊ द्या. दुहेरी पाकळ्यांची शोभेची फुलं नकोत, त्यांत मकरंद-पराग फारसा नसतो. कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका, आणि बशीत खडे घालून पाणी ठेवा. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला तुळशीपाशी बसा, कोण कोण येतं ते इथे फोटोसह टाका, ओळखायला मदत करू.